बाटलीच्या गळ्यातली शेपटी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुनं कपाट ओढलं की मागे पेनाची टोपणं, खडूचे तुकडे, कुणाचा तरी हरवलेला चष्मा सापडतो ना, तसे ते सापडतात. आमचं डिपार्टमेंट प्राणिशास्त्राचं, सोलापूरच्या एका कॉलेजातलं, आणि काळ सत्तरच्या दशकातला. माणसं मोजून तीन. हेड बिराजदार सर, लॅब अटेंडंट नरसय्या आणि डेमॉन्स्ट्रेटर मी. चौथा काचेच्या कपाटातला सांगाडा, पण तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. एवढ्याशा तिघांत इतके किस्से झाले की आता घरी कुणी चहाला आलं आणि मी घसा साफ केला, की माझी मुलंच म्हणतात, "आई, बेडकाचा नको, तो झालाय." म्हणून आज पहिल्यापासून सांगते, म्हणजे बेडूक त्याच्या जागी येईल.

* * *

मी वेळापूरची. घरात शेती, आणि एम.एस्सी. झालेली मीच पहिली. त्यामुळे मुलाखतीला जाताना पुस्तकं कोळून प्यायले होते. बिराजदार सर मूळचे दुधनीचे. घरी कानडी, वर्गात मराठी, फळ्यावर इंग्रजी. त्यांनी माझी मार्कलिस्ट उलटी करून ठेवली आणि एकच प्रश्न विचारला. पेशीत हजारो प्रथिनं तयार होतात. त्यातलं कोणतं पेशीबाहेर जायचं आणि कोणतं पेशीच्या पडद्यात जाऊन बसायचं, हे कोण ठरवतं?

मी ठोकून दिलं, गॉल्जी बॉडी. पुस्तकात चित्रच होतं, एकावर एक ठेवलेल्या चपट्या पिशव्यांचं. तिथे मालाची बांधाबांध होते आणि तिथून तो रवाना होतो, असं खाली लिहिलेलं होतं.

"आणि गॉल्जीला कोण सांगतं?"

ते काही पुस्तकात नव्हतं. मी थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं आणि शेवटी म्हटलं, मला माहीत नाही.

"मलाही माहीत नाही," सर म्हणाले. "उद्यापासून या."

दुसऱ्या दिवशी गेले आणि लॅब बघून माझं डोकं फिरलं. माझा एक दोष आधीच सांगते, कारण पुढे त्यानेच सगळा घोटाळा केला. मला घाण सहन होत नाही. नुसती धूळ असली तरी हात शिवशिवतात. पहिल्याच दिवशी मी पदर खोचला आणि टेबलं सोड्याने धुऊन काढली. नरसय्या दारात उभा राहून बघत होता. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत, भवानी पेठेतल्या विणकराच्या घरातला. घरी तेलुगू बोलायचा, आणि सकाळी माग चालवूनच कामावर यायचा. बराच वेळ त्याने बघून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाला, "बाई, हे कालेज हाय, दवाखाना न्हाय."

आमची ओळख ही अशी झाली.

* * *

आमचे प्राचार्य इतिहासाचे. उंच, भारदस्त, आणि सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा अंगात काळा कोट. एकदा त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि विचारलं की तुमच्या हेडना मान वळवायचा काही त्रास आहे का. मी शेजारून चालत जातो, नमस्कार करतो, आणि हा गृहस्थ ढुंकून बघत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मला काय बोलावं कळेना. सर घमेंडखोर नव्हते एवढं मला पक्कं माहीत होतं, पण शेजारून गेलेल्या माणसाकडे ते बघत नाहीत हेही मी पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात बेडकाचा किस्सा झाला.

सर प्रॅक्टिकलच्या आधी टेबलापाशी उभे राहून शिकवत होते. मी भूल दिलेला बेडूक ट्रेमध्ये ठेवला होता, पण भूल बहुतेक कच्ची राहिली. बेडूक उठला, ट्रेमधून टुणकन उडी मारली आणि सरांच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर येऊन बसला. तीस पोरं श्वास रोखून बघत होती. सर शिकवतच राहिले. बेडूक त्यांच्या बोटांवर चढला, तेव्हा त्यांनी माशी झटकावी तसा हात झटकला आणि पुढचं वाक्य सुरू केलं! मी तोंडाला पदर लावला. नरसय्याने पुढे होऊन बेडूक उचलला आणि निमूटपणे नेला. न हसलेला तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजभर झालं की बिराजदार सरांना शिकवताना समाधी लागते, अंगावर बेडूक चढला तरी ढळत नाहीत. काही पोरांनी तर त्यांच्या पाया पडायला सुरुवात केली.

पण त्या दिवशी संध्याकाळी पोरं गेल्यावर सरांनी मला बसायला सांगितलं. "पवारबाई, मला तो बेडूक दिसला नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांचा पडदा कडेकडेने वाळत चालला होता. समोरचं दिसायचं, पण एखाद्या नळीतून बघावं तेवढंच. ती नळी दरवर्षी थोडी अरुंद व्हायची. अंधार पडला की तेही नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यावर औषध नाही. गंमत अशी की मायक्रोस्कोपला डोळा लावला की त्यांना सगळ्यांइतकंच छान दिसायचं, कारण तिथे जग मुळातच गोल आणि छोटं असतं. अडचण व्हायची ती टेबलावरची बाटली शोधताना.

"प्राचार्यांना कळलं तर प्रॅक्टिकल काढून घेतील. ॲसिड आहे, बर्नर आहे, त्यांचं चुकणार नाही. पण मग मला खुर्चीत बसवून ठेवतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तेवढी टेबलापाशी उभं राहून काढू द्या."

मी हो म्हटलं. बर्नर आणि ॲसिडला सरांनी हात लावायचा नाही, ते नरसय्या आणि मी बघायचं, असं ठरलं. लपवलं ते बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही. पण त्या माणसाला टेबलापासून उठवणं माझ्याच्याने झालं नसतं, हे मात्र सांगता येतं.

* * *

सरांचं दुखणं आणि मुलाखतीतला त्यांचा तो प्रश्न, हे दोन्ही एकच होतं हे मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं ते बेडकाचा डोळा शिकवताना.

डोळ्याच्या पडद्यात काठीच्या आकाराच्या पेशी असतात. काठीच्या वरच्या भागात चपट्या चकत्यांची चवड असते, आणि त्या चकत्यांच्या पडद्यात उजेड पकडणारं प्रथिन बसलेलं असतं. सर म्हणत, डब्यात भाकऱ्या रचतात तशी चवड. आता हे प्रथिन तयार होतं खाली, पेशीच्या बुडाशी. तिथून गॉल्जीमधून निघून, मधल्या एका बारीक मानेतून वर चढून ते बरोबर चकतीत जाऊन बसतं. रोज खालून नव्या चकत्या येतात, रोज वरच्या जुन्या झडतात. दुसरीकडे कुठे गेलं तर ते प्रथिन कुचकामी.

पोरांना हे सांगून झाल्यावर सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझ्याकडे भाकरी थापली जात असणार. पोचत नाही."

हा त्यांचा अंदाज होता, पुरावा काही नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं की अशा काही रुग्णांच्या डोळ्यांत खरोखर तसंच होतं, प्रथिन वाटेतच अडकतं नाहीतर भलतीकडे जातं. तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून वाचत होते. समोर डब्यात भाकऱ्या होत्या. मला पुढचं पान वाचवेना.

* * *

आता माझा घोटाळा.

विद्यापीठाची कमिटी येणार होती. आदल्या दिवशी नरसय्याकडे कुणाचं तरी लग्न होतं, म्हणून तो रजेवर. मी एकटी लॅबमध्ये. म्हणजे मांजराच्या ताब्यात दूध दिल्यासारखंच झालं! फरशी झाली, खिडक्या झाल्या, सांगाड्यालाही ओल्या फडक्याने पुसलं. मग मी सरांच्या टेबलामागच्या फळीकडे वळले. तिथल्या सगळ्या बाटल्यांच्या गळ्यांना मळकट दोरे लोंबत होते. जाडसर, पांढऱ्याचे पिवळे झालेले, आणि वर त्यांना वेड्यावाकड्या गाठी. मला वाटलं, पार्सलचे दोरे असतील, कुणी सोडायचा कंटाळा केला असेल. डिसेक्शन बॉक्समधली कात्री घेतली आणि सगळे कचाकच कापले. बाटल्या घासून पुसून एका रांगेत, उंचीप्रमाणे लावल्या. आरशासारखी फळी झाली. मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कमिटीचे तिघे आले. दाराशी काळ्या कोटात प्राचार्य उभे. सर मायक्रोस्कोपवर क्रोमोझोम दाखवणार होते. बोलता बोलता त्यांनी मागे न बघता हात फळीवर नेला. रोज न्यायचे तसाच. बोटं पहिल्या बाटलीच्या गळ्याशी गेली, काहीतरी शोधू लागली. मग दुसऱ्या बाटलीच्या गळ्याशी. मग तिसऱ्या. आणि हात तिथेच थांबला.

मी नरसय्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की ते दोरे पार्सलचे नव्हते.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की सर, डावीकडून चौथी. पण मी बोलले असते तर सगळंच उघडं पडलं असतं. मग हाताला लागली ती बाटली सरांनी पुढे घेतली, बूच काढलं, कमिटीच्या अध्यक्षांच्या नाकाखाली धरली आणि विचारलं, हे काय असेल?

अध्यक्ष गडबडले. त्यांनी घाबरत हुंगून पाहिलं आणि ग्लिसरीन असं सांगितलं. सरांनी स्वतः वास घेतला. "झायलॉल," ते म्हणाले. "आमची मुलं चुकत नाहीत." मग एकेक बाटली पुढे येत गेली. व्हिनेगरसारखा वास आला ती क्रोमोझोम रंगवायची, देवळासारखा आला ते सीडरवुड ऑइल. प्रयोगशाळेत लेबलवर विश्वास ठेवू नये, लेबल पडतं, नाक पडत नाही, असं एक छोटंसं भाषणही सरांनी ठोकून दिलं. हवी ती बाटली मिळाली, क्रोमोझोम दिसले, कमिटी चहाला गेली.

महिन्याभराने रिपोर्ट आला. प्राणिशास्त्र विभागाची वासावरून रसायनं ओळखण्याची पद्धत अभिनव असून इतर विभागांनीही तिचं अनुकरण करावं, असं त्यात लिहिलं होतं! रसायनशास्त्राचे हेड पुढे सहा महिने आमच्याशी बोलत नव्हते.

पण हसणं नंतरचं. त्या दिवशी कमिटी गेल्यावर नरसय्याने जवळ येऊन विचारलं, "बाई, शेपट्या कुटं टाकल्या?"

मी कचऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवलं. ती सकाळीच रिकामी केली होती. अर्थात मीच.

* * *

शेपट्या म्हणजे ते दोरे. नरसय्याने सरांसाठी बांधले होते, एकही शब्द न बोलता. कुणालाच काही सांगितलं नव्हतं, सरांनाही नाही. एके दिवशी सरांच्या बोटांना गाठी लागल्या, त्यांनी मोजल्या, आणि दोघांचं आपोआप जमून गेलं. मला सांगायला हवं होतं की नाही, असं मी जरा चिडूनच म्हटलं, तर तो म्हणाला की तुमी रोज फळी पुसता, तुमास्नी ठावं असंल असं वाटलं.

शेपट्या मी तोडल्या, तेव्हा मीच बांधणार, असा मी हट्ट धरला. पण गाठ माझ्याच्याने बसेना. साधी गाठ बाटली धुताना सुटायची. शेवटी नरसय्या मला भवानी पेठेत त्याच्या आईकडे घेऊन गेला.

अम्मांना मराठी येत नव्हतं म्हणण्यापेक्षा त्या मराठी बोलत नसत. मागाशेजारी पाट घेऊन बसल्या, माझ्या हातात दोरा दिला आणि मी गाठ मारली की नुसतं "कादु" म्हणायच्या. म्हणजे नाही. पुन्हा गाठ, पुन्हा कादु. तीन दिवस मी संध्याकाळी जात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोरा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, गाठ हलली नाही, आणि त्या म्हणाल्या, "बागुंदी." छान आहे. एम.एस्सी.च्या निकालाला मला एवढा आनंद झाला नव्हता.

त्या शेपट्यांचं मूळही तिथेच कळलं. नरसय्याच्या वडिलांचं आणि त्यांच्या दोन भावांचं सूत एकाच रंगाऱ्याकडे जायचं. लडी परत येताना कुणाची कुठली हे कळायला खूण हवी. रंगाची खूण करून चालायचं नाही, कारण सगळंच रंगात बुडणार. कागद टिकणार नाही. म्हणून अम्मांनी प्रत्येक लडीला दोऱ्याची शेपटी बांधायची आणि तिला गाठी मारायच्या. तीन गाठी मधल्या भावाकडच्या, दोन गाठी मोठ्याकडच्या, आणि एक गाठ म्हणजे आपल्या घरची. रंगाऱ्याला कुणाचं नाव माहीत असायची गरज नाही, त्याचा पोऱ्या बोटांनी गाठी मोजून लडी ज्याच्या त्याच्या दारात टाकायचा. घरी आली की पहिल्यांदा शेपटी कापायची, नाहीतर ती मागात अडकते.

मी दुसऱ्या दिवशी हे सरांना सहज म्हणून सांगितलं. सर खुर्चीतून उठले. त्या खोलीत ते नेहमी जपून चालायचे, पण तेव्हा सरळ फळ्याला जाऊन धडकले.

"पत्ता मालालाच बांधलेला आहे, बाई! गॉल्जीला कुणी सांगायला नकोच की!"

कपाळावर टेंगूळ आलं होतं. मी बर्फ आणायला निघाले, तर म्हणाले, "होगली बिड्री," म्हणजे जाऊ द्या हो, आणि फळ्यावर लडी काढायला लागले. त्यानंतर प्रत्येक बॅचला अम्मांच्या गाठी शिकवल्या गेल्या. स्टाफरूममध्ये तर सरांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की एक गाठ आपल्या घरची हे मराठीच्या आणि भूगोलाच्या लोकांनाही पाठ झालं. बाटल्यांचं मात्र ते कुणाला बोलले नाहीत.

* * *

मध्येच प्राचार्यांचं सांगते, ते फार लांब नाही.

कमिटी येऊन गेल्यापासून त्यांना एक नवीन खोड लागली. कुठेही शिरताना आधी मोठ्याने जाहीर करायचं, "मी प्राचार्य आलो आहे." स्टाफरूममध्ये तेच, व्हरांड्यात तेच, आमच्या लॅबच्या दारात तर हमखास. शेजारून जाताना सुद्धा, "बिराजदार, मी प्राचार्य, नमस्कार." सगळ्या कॉलेजने त्यांची टर उडवली. इतिहासाचा माणूस, डोक्यात राजेरजवाडे शिरले, आता पुढे भालदार चोपदार ठेवतील, असं आम्ही म्हणायचो. मी तर त्यांची नक्कल फार छान करायचे. नरसय्यासुद्धा हसायचा.

आमच्या सरांना मात्र ते बरं पडायचं. लगेच त्या दिशेला मान वळवून नमस्कार करता यायचा. सर आता फार नम्र झालेत, असं प्राचार्य एकदा मला म्हणाले.

* * *

त्या काळात परदेशातला शोधनिबंध हवा असेल तर लेखकालाच कार्ड टाकायचं. मग तो आपल्या खर्चाने छापील प्रत पाठवायचा. सर दर महिन्याला अशी कार्डं टाकत. त्यांची उत्तरं कधी चार महिन्यांनी यायची, कधी यायचीच नाहीत.

असंच एक जाड पाकीट आलं. एव्हाना सरांना एका वेळी एकच शब्द दिसायचा, म्हणून मी मोठ्याने वाचत होते आणि नरसय्या बाटल्या धूत होता. त्यात असं मांडलं होतं की प्रथिन तयार होताना त्याचं जे टोक सगळ्यांत आधी बाहेर येतं, त्यातच पत्ता असतो. पेशीतल्या पडद्याला ते टोक ओळखू येतं, त्याला आत घेतलं जातं, आणि आत शिरलं की ते टोक कापून टाकतात.

मी वाचायची थांबले. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. एवढ्या लांबच्या मोठ्या माणसांना तेच सापडलं होतं जे आम्हाला भवानी पेठेत सापडलं होतं. नरसय्याला मी मराठीत समजावून सांगितलं. त्याने बाटली खाली ठेवली आणि म्हणाला, "हे तर आमच्या आईला ठावं हाय की."

सरांची एक शंका मात्र राहिली. हे झालं पडदा ओलांडून पलीकडे जाणाऱ्या प्रथिनांचं. पण जी पडद्यातच राहतात, अर्धी अलीकडे अर्धी पलीकडे, ती मध्येच थांबतात कशी? त्यांच्या डोळ्यातलं प्रथिन त्याच जातीचं होतं. सर म्हणाले, विचारा अम्मांना. ते थट्टेत म्हणाले होते. नरसय्याने खरंच विचारलं.

अम्मांनी उत्तर द्यायला मागावरची नजरसुद्धा काढली नाही. दोऱ्याच्या मधोमध गाठ असली की तो मागाच्या फणीच्या दातांमधून निम्मा जातो आणि तिथेच अडतो. निम्मा अलीकडे, निम्मा पलीकडे. रोज होतं.

सरांनी मला हे सगळं परदेशातल्या त्या शास्त्रज्ञांना पत्राने कळवायला लावलं. मला फार लाज वाटत होती, कारण इंग्रजी माझं होतं आणि फणीला त्यात काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मी चित्र काढून पाठवलं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं, चार ओळींचं. आम्हीही सध्या अशाच एखाद्या गाठीच्या शोधात आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि तुमच्या पत्रातल्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मी स्वतः भवानी पेठेत जाऊन ते अम्मांना वाचून दाखवलं. नरसय्या तेलुगूत सांगत होता. अम्मांनी ऐकून घेतलं, विचार केला आणि त्याला काहीतरी विचारलं.

"आई इचारतीया," नरसय्या म्हणाला, "त्या सायबाच्या घरी माग हाय का?"

* * *

दोन वर्षं निघाली. कशी, ते आम्हा तिघांनाच माहीत. शेवटच्या बॅचची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा संपली, सर टेबलाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, झालं. तेव्हा त्यांची नळी सुईच्या नेढ्याएवढी उरली होती.

निरोप समारंभ स्टाफरूममध्ये होता. सगळं कॉलेज जमलं होतं. सरांनी हट्ट धरल्यामुळे नरसय्यालाही हार घालून समोरच्या ओळीत खुर्चीत बसवलं होतं, आणि मी त्याच्या शेजारी. प्राचार्यांनी काळ्या कोटात, इतिहासातले तीनचार दाखले देत भाषण केलं. सरांनी भाषणात डोळ्यांचा विषय काढला नाही. त्यांना टेबलापाशी उभं राहून निवृत्त व्हायचं होतं, आंधळा म्हणून नाही. आता एवढी पंधरा मिनिटं नीट गेली की जिंकलं, असं मी मनात म्हणत होते.

आणि चहा आला.

सर बिनसाखरेचा चहा घेत. एरवी त्यांचा कप नरसय्या त्यांच्या हातात द्यायचा. पण आज नरसय्या गळ्यात हार घालून खुर्चीत अडकलेला. प्राचार्य स्वतः आत जाऊन कॅन्टीनवाल्यावर देखरेख करून आले होते. त्यांच्या मागोमाग मोठा ट्रे आला आणि सरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला गेला. वीसपंचवीस कप, सगळे सारखे, काठोकाठ भरलेले. सगळ्यांचं लक्ष सरांकडे. पहिला कप त्यांनी घ्यायचा, मग बाकीच्यांनी.

"घ्या बिराजदार," प्राचार्य म्हणाले. "मी प्राचार्य, इथेच आहे."

सरांचा हात पुढे झाला. ट्रेच्या कडेला लागला आणि थांबला. एक कप जरी कलंडला असता तरी सगळ्यांना कळलं असतं. नरसय्या खुर्चीतून अर्धा उठला. मी त्याचा सदरा धरला, का ते माहीत नाही.

सरांची बोटं कडेने पुढे सरकली. पहिल्या कपाच्या कानाला लागली. दुसऱ्या कपाच्या. तिसऱ्या कपाच्या कानाशी गेली आणि तिथेच राहिली. त्या कानाला एक पांढरा दोरा बांधलेला होता. सरांनी त्यावरची गाठ अंगठ्याने चाचपली.

"एक," ते हळू आवाजात म्हणाले, आणि कप उचलून त्यांनी चहाचा घोट घेतला. त्यांचा चेहरा मला त्या दिवसाइतका शांत कधी दिसला नव्हता.

मी नरसय्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "म्या न्हाय," तो पुटपुटला. मीही नव्हते. आणि जवळ जाऊन पाहिलं तर गाठ तशी कच्चीच होती, दोनदा ओढली असती तर सुटली असती. अम्मांनी बघताक्षणी कादु म्हटलं असतं.

प्राचार्य खिडकीशी जाऊन बाहेर बघत चहा ढवळत होते, केव्हाची साखर विरघळून गेली होती तरी. त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला होता.

मला घाण सहन होत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. तो दोरा मी काढला नाही.